बॅले शिकणाऱ्या मुलांचे पाय आणि पोट

बॅले हा नाच वस्तीपासून फार लांबचा वाटतो. युरोपच्या राजवाड्यांत तो वाढला. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली. त्यामुळे या नाचातल्या हालचालींची नावे आजही जगभर फ्रेंचच आहेत. आपल्याकडे तो बराच काळ श्रीमंतांच्या मुलींचा छंद होता. आता तसे राहिलेले नाही. २०२० साली आलेला सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा चित्रपट मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या मुंबई परिसरातल्या दोन तरुणांच्या आयुष्यावर बेतलेला आहे. एकाचे वडील टॅक्सी चालवणारे, दुसऱ्याचे वेल्डिंगचे काम करणारे. अमीरुद्दीन पुढे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकायला गेला. अशा गोष्टी मोबाईलवरून घराघरांत पोहोचतात आणि आपली मुलेही म्हणतात, आम्हालाही शिकायचे आहे.

जरूर शिकावे. मात्र ज्या घरात एका दुखापतीचा खर्च म्हणजे महिन्याचे रेशन, त्या घरातल्या मुलाने हा नाच शिकताना शरीराची काळजी जास्त घ्यायला हवी. ती कशी घ्यायची, तेवढेच या वेळी आम्ही या पानावर सांगणार आहोत. लेझीम, ढोल-ताशा, कबड्डी किंवा जयंतीच्या कार्यक्रमातला नाच करणाऱ्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल.

बॅले शरीराकडून काय मागतो, ते आधी समजून घेऊ. या नाचात दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभे राहायचे असते. उंच उडी मारून आवाज न करता उतरायचे असते. एक पाय मागे उंच नेऊन कंबर वाकवायची असते. मुली पुढच्या टप्प्यात कडक टोकाचे बूट घालून पायाच्या बोटांच्या शेंड्यावर उभ्या राहतात, त्या बुटांना पॉइंट शूज म्हणतात. मुलांना जोडीदारणीला डोक्यावर उचलावे लागते. आणि हे सगळे एकदा नाही, रोज शेकडो वेळा.

म्हणूनच बॅलेतल्या बहुतेक दुखापती धडपडून होत नाहीत, त्या झिजून होतात. घोटा मुरगळतो हे खरे, तो सगळ्यात नेहमीचा अपघात. पण त्याहून जास्त मुले हळूहळू वाढलेल्या दुखण्यामुळे घरी बसतात. घोट्यामागची शीर सुजते, नडगी दुखते, गुडघ्याची वाटी कुरकुरते, कमरेच्या मणक्यात किंवा पावलाच्या हाडात केसासारखी बारीक चीर पडते. या चिरेला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

ही चीर कशी पडते? हाड दगडासारखे निर्जीव नसते. उडी मारून उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायावर येतो आणि हाडाची सूक्ष्म झीज होते. विश्रांतीत, विशेषतः झोपेत, शरीर ती झीज भरून काढते आणि हाड आधीपेक्षा मजबूत होते. सराव करून पाय तयार होतात म्हणतात, ते असे. पण झीज रोज आणि भरपाई अपुरी, असे महिनोन् महिने चालले तर चीर पडणारच. भरपाई अपुरी पडण्याची कारणे दोनच: विश्रांती कमी आणि खाणे कमी.

मिस्टी कोपलँडचे उदाहरण

अमेरिकेची कृष्णवर्णीय नर्तिका मिस्टी कोपलँड हिचे नाव अनेकांनी ऐकले असेल. सहा भावंडे, आई एकटी सांभाळणारी, काही काळ तर सगळे कुटुंब एका मोटेलच्या खोलीत राहिलेले. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो गावात मुलांसाठीच्या एका क्लबात, बास्केटबॉलच्या कोर्टवर, वयाच्या तेराव्या वर्षी तिने बॅलेचा पहिला धडा घेतला. बॅलेच्या हिशोबाने हे फार उशिरा, कारण बाकीच्या मुली त्याआधी कित्येक वर्षे शिकत असतात. २०१५ साली ती अमेरिकन बॅले थिएटर या मोठ्या संस्थेत मुख्य नर्तिका झाली. संस्थेच्या ७५ वर्षांच्या इतिहासात हे पद मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री.

तिचे यश सगळे सांगतात. आम्हाला तिच्या हाडांबद्दल सांगायचे आहे.

संस्थेत आल्यावर थोड्याच काळात, एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, तिच्या कमरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. जवळजवळ वर्षभर तिला नाचता आले नाही. तेव्हा एक गोष्ट पुढे आली: तिला तोवर पाळीच आलेली नव्हती. पाळी उशिरा आली की हाडे ठिसूळ राहू शकतात, म्हणून डॉक्टरांनी औषध देऊन पाळी सुरू केली. त्यानंतर तिचे अंग भरले आणि शरीर 'बॅलेसारखे' दिसत नाही असे तिला सुचवले जाऊ लागले. त्या काळात आपले खाणे कसे बिघडले, ते तिने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिले आहे.

दुसरी वेळ २०१२ सालची. 'फायरबर्ड' या बॅलेत तिला प्रमुख भूमिका मिळाली. नडगी दुखत होती. एवढी मोठी संधी, तीही एका कृष्णवर्णीय मुलीला, मग दुखणे सांगायचे कसे? ती नाचली. नंतर तपासणीत डाव्या नडगीच्या हाडात सहा स्ट्रेस फ्रॅक्चर निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शस्त्रक्रिया करून हाडाला पट्टी बसवावी लागली. ती परत उभी राहिली, कारण तिच्यामागे चांगले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पगार देणारी संस्था होती. आपल्या मुलीमागे यातले काय असते?

संधी एकदाच येते, म्हणून दुखणे लपवायचे, ही सवय गरीब घरातल्या मुलांना फार लवकर लागते. फी भरायला आईने जास्तीची घरकामे धरलेली असतात, मग मुलगा पाय दुखतो हे सांगणार कसा? म्हणून हे विचारण्याची जबाबदारी आम्ही पालकांवर टाकतो. "आज काय शिकलास?" बरोबर "आज कुठे दुखले?" हेही विचारा. आणि उत्तर मिळाल्यावर फीचा विषय काढू नका.

पोटात काय पडते

बॅलेच्या जगात बारीक दिसण्याचे वेड जुने आहे. शिकवणारे कधी उघड, कधी चेष्टेत वजनावर बोलतात. मुली जेवण सोडतात. मुलेही सोडतात, फक्त त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या वस्तीत यात आणखी एक भर पडते. मुलगी सकाळी चहा-खारी खाऊन शाळेत जाते, दुपारी डबा अर्धा खाते आणि संध्याकाळी दोन तास नाचते. तिला उपाशी राहण्याचे वेड नसेल, पण हिशोब तोच होतो: खर्च जास्त, जमा कमी.

असे झाले की शरीर काटकसर सुरू करते. जगायला अगदी लगेच लागत नाही ते आधी बंद करते. मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, हाडे भरणे मंदावते, जखमा उशिरा बऱ्या होतात, सारखी सर्दी होते, चिडचिड वाढते. नाचणाऱ्या मुलींची पाळी थांबते, ते चालायचेच, असे काही क्लासमध्ये सांगितले जाते. हे साफ चुकीचे आहे. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. पाळीविषयी घरात मोकळेपणाने बोलले गेले तरच हे कळेल, म्हणून आई, आजी, मावशी यांनी पुढाकार घ्यावा. वडिलांनीही लाजू नये.

यासाठी महागडी पावडर लागत नाही. ज्या दिवशी क्लास असेल त्या दिवशी जास्त खायचे, एवढेच. क्लासच्या तास-दीड तास आधी केळे, शेंगदाण्याची चिक्की किंवा चपातीला गूळ-तूप. घरी आल्यावर तासाभरात पोटभर जेवण, त्यात डाळ, उसळ, अंडे, मासे किंवा मटण-चिकन यातले काहीतरी हवेच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. तेव्हा नाचणीची भाकरी किंवा आंबील कमीपणाची समजू नका. सुकट, जवळा, छोटे मासे काट्यासकट खाल्ले जातात, त्यातूनही कॅल्शियम मिळते. तीळ आणि शेवग्याचा पालाही चांगला.

रक्त कमी असेल तर दम लागतो, लक्ष उडते आणि पाय चुकीचा पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळले, म्हणजे हा प्रश्न नाचापुरता नाही. कलेजी, मटण, मसूर, चवळी, हिरवी पालेभाजी खावी, वर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. शाळेत किंवा अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली पुष्कळदा बाहेर टाकून देतात. ती जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

राहिले ऊन. चाळीच्या आतल्या खोल्यांत आणि बंद हॉलमध्ये ते पोहोचत नाही, आणि हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व उन्हातून मिळते. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सुटीच्या दिवशी का होईना, हातापायांवर थोडा वेळ ऊन घ्यावे. रंग काळवंडेल ही भीती मनातून काढून टाकलेली बरी.

उशिरा सुरू करणाऱ्यांसाठी

वस्तीतली मुले बॅले शिकू लागतात तीच मुळी बारा, पंधरा, कधी अठराव्या वर्षी. त्यामुळे इतरांना गाठण्याची घाई असते आणि त्या घाईत दोन चुका होतात.

पहिली, पाय जबरदस्तीने बाहेर वळवणे. पाय वळतात ते खुब्यातून. कोणाचा खुबा किती वळेल हे बऱ्याच अंशी हाडाच्या घडणीवर ठरते, आणि वाढ झाल्यावर ती घडण बदलत नाही. खुब्यातून जेवढे वळत नाही तेवढे मुले जमिनीवर पाऊल घट्ट रोवून, गुडघा पिळून वळवतात. दिसायला छान दिसते, पण त्याचा सगळा ताण गुडघा, घोटा आणि अंगठ्याच्या सांध्यावर जातो. घरी तपासायची सोपी पद्धत आहे. मुलाला पाय वळवून उभे करा आणि गुडघे हळूहळू वाकवायला सांगा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत खाली आला तर ठीक. आतल्या बाजूला कोसळला, किंवा पावलाची आतली कमान जमिनीला टेकली, तर पाय कमी वळवावेत. शिक्षक रागावले तरी चालेल.

दुसरी चूक पॉइंट शूजची घाई. मिस्टी कोपलँड तीन महिन्यांत बोटांवर उभी राहिली, हे खरे. ते उदाहरण इतरांनी घेऊ नये. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत कोणत्याही मुलीला पॉइंट शूज देत नाहीत. वय झाले म्हणूनही देत नाहीत, आधी काही वर्षांचा नियमित सराव लागतो. एका पायावर उभे राहून सलग वीस वेळा टाच पूर्ण उचलता येते का, त्या वेळी घोटा डगमगतो का, पोट आणि पाठ ताठ राहते का, हे पाहिले जाते. इंटरनेटवर बघून, मैत्रिणीचे बूट घालून बोटांवर उभे राहणे अजिबात नको. हे बूट कापड, कागद आणि सरसाचे थर देऊन घडवलेले असतात. वापरणारीच्या पायाप्रमाणे ते वळतात आणि लवकर मऊ पडतात. मोठ्या संस्थांतल्या नर्तिकांचा एक जोड कधी कधी एकाच प्रयोगात संपतो. म्हणजे दुसरीचे वापरलेले बूट स्वस्तात मिळाले तरी ते पायाला आधार देत नाहीत. या एका बाबतीत जुने घेऊन पैसे वाचवू नका. नवे परवडत नसतील तर मऊ बुटांतच नाचावे. त्यातही उत्तम बॅले शिकता येतो.

मुलांसाठी एकच सांगतो. जोडीदारणीला उचलण्याआधी मांड्या, पोट आणि पाठ यांची ताकद हवी, दंडाचे बेटकुळे पुरत नाहीत. वजन अंगाजवळ ठेवून, गुडघ्यांतून उठायचे. हमालीचे काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे बॅलेच्या शिक्षकाआधी ठाऊक असते.

जमिनीचाही विचार करावा. चांगल्या बॅले हॉलची जमीन लाकडी आणि खालून लवचीक असते, ती उडीचा धक्का पिते. आपल्याकडे विहाराचे सभागृह, समाजमंदिर किंवा गच्ची, म्हणजे लादी नाहीतर कोबा. अशा जागी बारला धरून करायचे व्यायाम, हातांच्या हालचाली, तोल साधणे, ताकदीचे व्यायाम खुशाल करावेत, पण उड्यांचा सराव करू नये. एखादी पातळ सतरंजी टाकून धक्का कमी होत नाही, उलट ती सरकते आणि घोटा मुरगळतो.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करावे: जागच्या जागी चालणे, हलके धावणे, सांधे फिरवणे. थंड अंगाने पाय ताणून स्प्लिट करायचा नाही. ताणायचे व्यायाम शेवटी, अंग गरम असताना. वाढत्या वयाच्या मुलाने आठवड्यात आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास सराव करू नये, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीने बारा तासांच्या आत, आणि आठवड्यातला किमान एक दिवस पूर्ण सुटीचा असावा. ज्या काही महिन्यांत मूल झपाट्याने उंच होते तेव्हा स्नायू आखडतात, तोल बिघडतो, टाच आणि गुडघ्याखालचे हाड दुखते. त्या काळात उड्या कमी कराव्यात. झोप आठ ते दहा तास हवी. एका खोलीच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर ती होत नाही, एवढे मोठ्यांनी समजून घ्यावे.

कोणते दुखणे साधे, कोणते नाही

नव्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी ठणकतात आणि दोन-तीन दिवसांत थांबतात. ते साधे. पण दुखणे एकाच बाजूला असेल, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी असेल, नाचताना वाढत जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या पायावर एक उडी मारताच कळ येत असेल, तर ते हाडाचे असू शकते. मुलगा मागे वाकल्यावर कंबर एका जागी दुखत असेल तर तेही तसेच. अशा वेळी त्याच दिवसापासून उड्या बंद आणि डॉक्टरकडे जायचे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये दिसत नाही, हे लक्षात ठेवा. "एक्स-रे चांगला आला, नाच" असे कोणी म्हटले तरी दुखणे चालू असेल तर पुन्हा दाखवा, लागल्यास एमआरआयविषयी विचारा. मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेऊन स्टेजवर जाणे सगळ्यांत धोक्याचे, कारण गोळीने कळ जाते आणि चीर वाढत राहते.

घोटा मुरगळला तर लगेच बसवा, पाय उशीवर उंच ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. क्रेप बँडेज बांधा, बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. पहिले दोन दिवस गरम शेक नको, बाम चोळणे नको, आणि चोळून नस बसवणाऱ्याकडे नेणे तर मुळीच नको. आत चीर असेल तर ओढाताणीने हाड सरकते. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढावा.

यासाठी खासगी दवाखानाच हवा असे नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत केस पेपर काढून ऑर्थोच्या ओपीडीत दाखवता येते, तिथे फिजिओथेरपीही होते. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. डॉक्टरांना नुसते "पाय दुखतो" सांगू नका. मूल बॅले करते, आठवड्याला किती तास, जमीन कसली, दुखणे कधीपासून, आणि मुलगी असेल तर पाळी नियमित आहे का, हे सगळे सांगा. गर्दीच्या ओपीडीत दोनच मिनिटे मिळतात, म्हणून कागदावर लिहून न्या.

बरे झाल्यावर परत जाण्याची घाई नको. घोटा साधाच मुरगळला असेल तरी सूज उतरली म्हणजे तो बरा झाला असे नसते. तोल सांभाळण्याची त्याची शक्ती गेलेली असते, आणि म्हणून तोच घोटा पुन्हा मुरगळतो. भिंतीजवळ एका पायावर उभे राहून आधी डोळे उघडे, मग मिटून अर्धा मिनिट तोल सांभाळायचा सराव रोज करावा. दात घासतानाही तो करता येतो. या दिवसांत क्लासला जाऊन बसावे, बघावे, जमिनीवर झोपून करायचे व्यायाम करावेत, म्हणजे मन खचत नाही. मग क्रमाने बारला धरून, मग बार सोडून, मग छोट्या उड्या. मोठ्या उड्या आणि पॉइंट शूज सगळ्यांत शेवटी, दुखऱ्या पायाची टाच चांगल्या पायाइतक्याच वेळा उचलली जाऊ लागल्यावर.